हार्डनेस खात्यातला माणूस

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.

कारण नवा मॅनेजर. वय माझ्या निम्मं, खुर्ची माझ्या दुप्पट. केबिनमध्ये बोलावून म्हणाला, तुम्ही इतकी वर्षं हार्डनेसच्या मशीनवर बसताय आणि तुमच्या स्वतःतच हार्डनेस नाही. भट्टीवाला येतो, गोड बोलतो आणि तुम्ही काठावरचा माल पास करून टाकता. मी म्हणालो, बघतो. बाहेर आल्यावर असं सणसणीत उत्तर सुचलं होतं! ते इथे लिहून ठेवणार होतो. आत्ता आठवत नाही.

थकलोय. पण ठरलं. कडक व्हायचं. उद्यापासून.

३ सप्टेंबर, बुधवार

माझं काम काय आहे हेच मॅनेजरला कळलेलं नाही. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे वेळ आली की ऐकवता येईल.

भट्टीवाला स्टीलच्या पिना लाल होईपर्यंत तापवतो आणि तेलात बुडवतो. नुसत्या बुडवल्या तर त्या नको इतक्या कडक होतात आणि खडूसारख्या मोडतात. म्हणून मग मंद भट्टीत पुन्हा निवांत शेकतो. मग त्या माझ्याकडे. मी मशीनचा दांडा ओढतो, हिऱ्याचं टोक पिनेत रुततं, बारीकशी खळी पडते, डायलवर आकडा येतो. अठ्ठावन्न ते एकसष्ट पास. खाली गेला तर नरम, वर गेला तर ठिसूळ. संपलं. ऐकायला सोपं वाटतं, पण दांडा ओढायला हात लागतो. खात्यात सगळे मला लोण्या म्हणतात ते त्या हातामुळेच.

कडक व्हायला आज वेळ मिळाला नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काम मुळापासून करायचं म्हणून लेकीच्या कपाटातली जाडी डिक्शनरी काढली. हार्डनेस. बापरे! इंग्रजीत एक शब्द आणि मराठीत त्याच्या मागे ही रांग. कडकपणा, कठीणपणा, टणकपणा, कठोरपणा, निष्ठुरपणा, निबरपणा, कणखरपणा, वर पाण्याचा जडपणा आहेच. इंग्रजांचं बरं आहे. स्टील असो, सासू असो, गणिताचा पेपर असो, एका शब्दात उरकतात. आपल्याला आधी ठरवावं लागतं की नक्की कशासारखं व्हायचंय.

निबर बाद, ती काकडी. टणक बाद, तो आक्रोड. कोडगा चालला असता, पण ती जागा मॅनेजरने भरलेली आहे. निष्ठुर आपल्याला झेपायचं नाही. शेवटी तीन ठेवले: कणखर, करारी आणि गरजेपुरता कडक.

लेकीला विचारलं, मी यातला कोणता वाटतो? ती म्हणाली, बाबा, तू यात नाहीसच, तू चहात पडलेलं बिस्किट आहेस. ही खो खो हसत सुटली. मी हसलो नाही. म्हणजे थोडाच हसलो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

घात झाला. लेकीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. बसने जवळजवळ अख्खा दिवस. एक तारखेला हजर व्हायचंय. मला सांगितलं आज, तेही चहाबरोबर माझ्या आवडीचा केक समोर ठेवून. हिला केव्हाचं माहीत होतं. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट.

मी लगेच काही बोललो नाही. करारी माणूस लगेच बोलत नसतो. केक संपवला.

पण निर्णय झालेला आहे. नाही. पाठवायचं नाही. तिथे तिचं कोण आहे? आजारी पडली तर? आणि संध्याकाळी मी आलो की दार कोण उघडणार? ही उघडते, पण उघडून आत निघून जाते. लेक उघडते आणि विचारते, बाबा, आज किती नापास? मग मी बूट काढता काढता सगळं सांगतो. दुसरं कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वीही तिला अशीच लांब नोकरी लागली होती. तेव्हा मी जेवण सोडलं होतं. तिने आपणहून नकार कळवला. आपणहून. मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. (खात्यात भट्टीवाल्याच्या डब्यातलं खायचो, पण तो त्याचा आग्रह. उपास घरापुरता होता.)

७ सप्टेंबर, रविवार

आज सांगून टाकलं. एका दमात, खणखणीत: नाही म्हणजे नाही, तू कुठेही जाणार नाहीस. नेमका हिने मिक्सर सुरू केला होता. मिक्सर थांबल्यावर लेकीने विचारलं, काय म्हणालास? मी म्हणालो, मिक्सरचा आवाज वाढलाय, आतला कार्बन झिजला असेल.

दुपारी मिक्सर उघडला. खरंच झिजला होता. म्हणजे मी खोटं बोललो नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून घरात अबोला. एक अक्षर नाही.

संध्याकाळी सात. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आठ वाजता हिने विचारलं, घसा बसलाय का? मी गप्प. मग मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. लेकीने गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि मायेने विचारलं, आता बरं वाटतंय का रे? बरं वाटतंय, म्हणालो. तब्येतीची चौकशी केली तर उत्तर द्यावंच लागतं. त्याने अबोला मोडत नाही.

मफलरने उकडतंय.

१० सप्टेंबर, बुधवार

खात्यात भूकंप. रोज सकाळी मशीन ठोकळ्यावर तपासतो. ठोकळा म्हणजे दाखला असलेला स्टीलचा तुकडा, त्याचा आकडा साठ हे पक्कं. त्यावर साठ आला तर मशीन खरं बोलतंय. आज आला बासष्ट. पुन्हा केलं, पुन्हा बासष्ट. म्हणजे मशीन दोनने फुगवून सांगतंय! म्हणजे मी पास केलेला माल नरम होता! मॅनेजरचं म्हणणं खरं निघतंय याचाच जास्त त्रास झाला.

निर्णय: मशीनचा दुरुस्तीवाला येईपर्यंत प्रत्येक आकड्यातून दोन वजा.

ठोकळ्याचंही वय झालंय बिचाऱ्याचं. खळ्या पडून पडून देवीचे वण आल्यासारखा दिसतो. नवी खळी पाडायला जागाच नाही, दोन जुन्या खळ्यांच्या मध्ये कशीबशी घुसवावी लागते. नियमाने खळ्या लांब लांब पाडायच्या असतात. हा नियम मीच सगळ्यांना शिकवलाय, पण तो नवशिक्यांसाठी. स्टोअरमध्ये नवा ठोकळा कागदात गुंडाळून पडलाय, स्टोअरवाला सारखा घेऊन जा म्हणतो. मी आणत नाही. इतक्या वर्षांची सोबत आहे. टाकवत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

भट्टीवाल्याचा अख्खा ट्रे नापास केला. डायलवर एकोणसाठ, वजा दोन, सत्तावन्न. नरम. भट्टीवाला म्हणाला, अरे लोण्या, भट्टी तीच, तेल तेच, मी तोच, मग माल नरम कसा झाला? मी म्हणालो, मी नाही बोलत, आकडा बोलतोय. आणि डायलची काच पुसायला घेतली.

चारच्या चहाला तो आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकट्याने चहा प्यायलो. मॅनेजर जाता जाता गुड म्हणाला. तो गुड घरापर्यंत पुरला.

दारात लेक. आज किती नापास? अख्खा ट्रे, म्हणालो. ती म्हणाली, अरेरे, काकांचा ट्रे? मला वाटलं होतं शाबास म्हणेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मऊ गादी माणसाला आतून ढिला करते असं कुठेतरी वाचलं. कुठे ते आठवत नाही. आजपासून जमिनीवर झोपणार. चटईसुद्धा नको. ही एवढंच म्हणाली, कंबर. मी म्हणालो, कंबर वगैरे सगळं मनात असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळ

कंबर कंबरेतच असते. उठताच येईना. डोळे उघडे, बाकी सगळं बंद. लेकीने काखेत हात घालून उचललं, पलंगावर पालथं घातलं, मलम चोळलं. ताकद आहे पोरीच्या हातात. चोळता चोळता म्हणाली, मी नसताना असले उद्योग करू नकोस हं बाबा, आईला तुला उचलायला जमणार नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट आहे. तिचा जायचा विचार डळमळतोय.

गादी परत घेतली, पण उशी नाही. तेवढा कडकपणा ठेवला.

दुपार. उशी घेतली.

१५ सप्टेंबर, सोमवार

एक निरीक्षण. ही हल्ली सकाळी बाथरूममध्ये जाते, नळ पूर्ण सोडते आणि किती तरी वेळाने बाहेर येते. डोळे लालभडक. विचारलं तर म्हणते, साबण गेला डोळ्यात. रोज? बाई आंघोळ करते की साबणाशी कुस्ती खेळते?

बस स्टॉपवर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी! पाण्यात हार्डनेस आलाय. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, नीट धुतला जात नाही, डोळ्यात चुरचुरतो. इतकी वर्षं हार्डनेसमध्येच घालवली आहेत. हे ओळखायला मला डॉक्टर लागत नाही.

हिला सांगितलं. तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाली, असेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

भट्टीवाल्याचा आणखी एक ट्रे नापास. या वेळी तो भांडला नाही. नुसता ट्रे उचलला आणि म्हणाला, कडकच पाहिजे ना तुला, देतो कडक. मला अरे लोण्या म्हणाला नाही. साहेब म्हणाला.

पाठ दुखतेय. बहुतेक हवा बदललीय.

१७ सप्टेंबर, बुधवार

बॉयलरवाल्याकडून पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या. नळाखाली धरायची, रंग बदलला तर पाणी जड. बाथरूमच्या नळाखाली धरली. बदलला नाही. स्वयंपाकघरातल्या नळाखाली दुसरी धरली. नाही. बादलीत तिसरी बुडवून ठेवली आणि मध्ये मध्ये जाऊन बघत राहिलो. पट्टीचा लगदा झाला, पण रंग ढिम्म हलला नाही.

पाणी मऊ? शक्य नाही. पट्ट्या जुन्या असणार. पाकिटावर मुदत पुढची आहे, पण छापायला काय जातंय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

जिंकलो. भट्टीवाल्याचा नवा माल आला. डायलवर बासष्ट, वजा दोन, साठ. पास. तो म्हणाला, शेकणं निम्म्यावर आणलंय मी. असला माल मी देत नसतो, पण तुझा हट्ट. मी म्हणालो, आकडा बघ की. आकडा सुरेख आहे.

माल आजच गिऱ्हाइकाकडे गेला. मॅनेजर पुन्हा गुड म्हणाला. आयुष्यात एकदा तरी मी शेवटपर्यंत ताठ उभा राहिलो. हे लेकीच्या बाबतीतही जमायला हरकत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

ही म्हणाली, माळ्यावरची मोठी बॅग काढून द्या. मी साफ नाही म्हणालो. बॅग काढायची म्हणजे परवानगी दिल्यासारखं होतं. बरं, म्हणाली आणि स्वतःच डुगडुगत्या स्टुलावर चढायला लागली. ते स्टूल मला माहीत आहे. उतरवलं तिला आणि मीच बॅग काढली. काढली म्हणजे परवानगी दिली असं नाही.

बॅगेचं एक चाक अडकत होतं. अडकलेलं चाक मला बघवत नाही. तेल घातलं. आता नुसतं बोट लावलं की घरभर पळते. लेक म्हणाली, वा बाबा! खूश झालो, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ही म्हणते दिसत होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

प्लंबर आला. मी त्याला पाण्याच्या हार्डनेसचा सगळा प्रकार समजावून सांगितला. त्याने साबण चोळला, हातभर फेस काढला आणि म्हणाला, पाणी मस्त आहे साहेब, असं पाणी नशिबाने मिळतं. मी म्हणालो, मग बायकोचे डोळे रोज लाल का होतात? त्याने हिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाना पिशवीत टाकला. म्हणाला, ते माझ्या कामात येत नाही.

हल्ली कामाची माणसं मिळतच नाहीत.

२२ सप्टेंबर, सोमवार

शेवटचं हत्यार बाहेर काढलं. सकाळी जाहीर केलं की मी आजपासून जेवणार नाही. ही म्हणाली, बरं, मग डबा भरत नाही, आणि भट्टीवाल्यांच्या घरी फोन करून सांगते की यांना काही देऊ नका. म्हणजे तिला तेव्हाही माहीत होतं! दोन वर्षं मूग गिळून बसली होती!

भट्टीवाल्याशी तर बोलणंच बंद आहे, त्यामुळे तिचा फोन वाया जाणार होता. तरी दिवसभर कळ काढली. संध्याकाळी दार लेकीने उघडलं. काही विचारलं नाही. हातात अंड्याचं सँडविच ठेवलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मागच्या वेळीही अगदी असाच झाला होता. तेव्हा मी तो का बघितला नाही कोण जाणे.

खाल्लं. दोन.

२४ सप्टेंबर, बुधवार

हिचं आवरणं चालू आहे. कपडे, चादरी, औषधं, एक छोटी कढई. गाणं गुणगुणत घड्या घालते. पोटची पोर घर सोडून चालली आहे आणि बाईच्या डोळ्यात टिपूस नाही. आईचं काळीज म्हणे! हिचं माझ्या मशीनखाली ठेवलं तर काटा डायलच्या बाहेर जाईल. मला रडू येतंय असं नाही. पण कुणाला तरी यायला हवं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गिऱ्हाइकाकडून पिना परत आल्या. तुटलेल्या. मशीनमध्ये बसवल्या आणि पटापट मोडल्या म्हणे, खडूसारख्या.

मॅनेजर माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. मी दोन वजा करण्याचं कारण सांगितलं. मला वाटलं, हुशार आहात म्हणेल. त्याने माझा ठोकळा हातात घेतला, फिरवून बघितला आणि स्टोअरमधून नवा मागवला. कागद फाडला, दांडा ओढला. साठ. पुन्हा. साठ. मशीन खरंच बोलत होतं. रोजच खरं बोलत होतं.

मग त्याने मला माझाच नियम शिकवला. जुन्या खळीच्या भोवतालचं स्टील दाबलं जाऊन आधीच घट्ट झालेलं असतं. तिथे टोक टेकवलं की आकडा फुगून येतो, स्टील असतं त्याहून कडक वाटतं. मी मान डोलावत होतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे. भट्टीवाल्याचा पहिला ट्रे चांगला होता. दुसराही चांगला होता. मी हट्टाने त्याला बिघडवायला लावलं आणि बिघडल्यावर पास केलं.

जन्मात एकदाच ताठ उभा राहिलो, तो नको तिथे.

दारात लेक. आज किती नापास? मी म्हणालो, एक. तिने पुढे विचारलं नाही. बूट काढून ठेवले जागेवर.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मला मशीनवरून काढलं. काही दिवस पॅकिंगला. पिना फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायच्या. मॅनेजर म्हणाला, हात हलका आहे तुमचा, जमेल. हार्डनेसमधून एकदम गुंडाळण्यात. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नरमच बोलला.

चार वाजता भट्टीवाला दोन कप घेऊन आला. समोरच्या खोक्यावर बसला. मी म्हणालो, चुकलं माझं. तो म्हणाला, लोण्या, चहा गार होतोय. नंतर विचारलं, पोरगी कधी निघतेय? परवा, म्हणालो. तेव्हा लक्षात आलं की मीच परवा म्हणालो. जाणार नाही असं म्हणालो नाही. आणि जाताना लोण्या हे नाव कशावरून पडलं हेही त्याला विचारलं. तो म्हणाला, तुला खरंच माहीत नाही?

२७ सप्टेंबर, शनिवार

हिला शेवटी बोललोच. म्हणालो, तू आई आहेस की दगड? एकदा तरी रड. ती मोज्यांच्या जोड्या लावत होती. हात न थांबवता म्हणाली, मागच्या वेळी ती तुमच्यासाठी थांबली. तेव्हापासून रोज सकाळी तिच्या वयाच्या मुली कामाला जाताना ती खिडकीतून बघत उभी राहते. तुम्ही निघून गेलेले असता. घरात मी असते. दोन वर्षं बघितलंय मी ते. पुन्हा नाही बघणार. मी रडायला लागले तर ती पुन्हा थांबेल. कळलं?

मग म्हणाली, हा निळा मोजा एकटाच आहे, याचा जोडीदार शोधून द्या.

पलंगाखाली सापडला. दिला. नंतर लेकीचा चहाचा मग, आरसा आणि कढई प्लास्टिकमध्ये गुंडाळली. तीन तीन पदर. खात्यातून आणलं होतं. गुंडाळायचं काम आता येतं मला.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळ

निश्चय. बस स्टँडवर जाणार नाही. दारातूनच निरोप द्यायचा. गेलोच तर फक्त बॅग उचलायला. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. जे काय कणखर, करारी ते आज.

संध्याकाळ

गेलो. बॅग जड होती. बॅगेच्या चाकाला मी इतकं तेल घातलंय की स्टँडच्या उतारावर ती एकटीच निघाली. मी तिच्या मागे, माझ्या मागे लेक, लोक बघतायत. पकडली. पकडून उभा राहिलो आणि तिथेच माझं पाणी पाणी झालं. बस अजून लागलीही नव्हती. बॅगेला मिठी मारून हुंदके देत होतो. कंडक्टरने लेकीला विचारलं, यांना बसवायचंय का गाडीत?

हिने रुमाल दिला. कोरडा. तिला लागलाच नव्हता. लेकीला म्हणाली, पोचलीस की फोन कर, खिडकी उघडी ठेवून झोपू नकोस, आणि मागे वळून बघायचं काम नाही, सरळ बस. आवाज एवढासुद्धा हलला नाही.

बस सुटताना लेकीने खिडकीतून मान बाहेर काढली. म्हणाली, बाबा, आज किती नापास? हसत होती. मी नुसता हात हलवला. मग बस वळली.

घरी आलो. दार माझ्याच किल्लीने उघडलं. ही चप्पल काढून तडक बाथरूममध्ये गेली. कडी लावली. नळ पूर्ण सोडला.

मी बाहेर त्या डुगडुगत्या स्टुलावर बसलो. बसून ऐकत राहिलो. पट्ट्या जुन्या नव्हत्या. प्लंबरही बरोबर होता. हा नळ महिनाभर रोज सकाळी असाच वाहत होता आणि मी दाराबाहेर उभा राहून पाण्याची परीक्षा घेत होतो. दगड म्हणालो मी तिला. काल.

दार वाजवावं असं वाटलं. वाजवलं नाही.

बऱ्याच वेळाने नळ बंद झाला. ही बाहेर आली. मला स्टुलावर बघून दचकली. डोळे लाल होते. पदराने तोंड पुसत म्हणाली, साबण गेला डोळ्यात. आंघोळ सकाळीच झाली होती तिची.

मी म्हणालो, पाणीच जड आहे आपल्याकडचं. उद्या प्लंबरला पुन्हा बोलावतो.

ती म्हणाली, बोलवा.